मनीप्लांटचा विडा

मनीप्लांट खायचा नसतो, हे आमच्या घरात आता सगळ्यांना माहीत आहे.

जळगावच्या आमच्या फ्लॅटमध्ये हॉलच्या खिडकीभोवती दोरी बांधून मी हा वेल चढवला होता. रोज ओल्या फडक्याने त्याचं एकेक पान पुसायचो. (बायको, रेखा, म्हणायची, एवढी माया पोरांवर तरी केली का!) गेल्या उन्हाळ्यात तिचे वडील, आबा, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी दोंडाईचाहून आले. दुपारी भरीत-भाकरी झाली, आबांनी चंची उघडली, तर पानं संपलेली. मी टपरीवरून आणायला गेलो. परत आलो तर आबा झोपाळ्यावर विडा चघळत बसलेले.

"पान आनाले कसाले गया, जावईबापू? वेल ते घरमाच शे," ते खिडकीकडे बोट दाखवत म्हणाले. "जरासं जून शे, बस."

मी वेलाकडे पाहिलं. सगळ्यात मोठं, सगळ्यात चकचकीत पान गायब!

मी तोंड उघडायच्या आत आबांचा जबडा थांबला. आधी त्यांनी चुन्याला दोष दिला. मग थुंकले, चूळ भरली आणि गळा धरून म्हणाले, "रेखा, तोंडमा आग पडी ऱ्हायनी."

त्यानंतर त्यांचं बोलणंच बंद झालं. ओठ सुजायला लागले. रेखाने मोबाइलवर शोधलं आणि ती पांढरीफटक पडली. पहिलाच शब्द 'विषारी' होता! आबांनी एकदा वेलाकडे बोट केलं, एकदा माझ्याकडे, आणि निरोप घेतल्यासारखे लेकीपुढे हात जोडले. दोंडाईचात काय सांगणार? जावयाने सासऱ्याला विड्यातून विष घातलं?

रेखा रडत होती. तिला धीर द्यायला हवा होता. शोभेच्या झाडाने कुणी मरत नाही, असं म्हणत मी एक पान तोडलं आणि तिच्यासमोर कचाकचा चावलं.

"बघ, काही होत न..."

वाक्य पूर्ण झालं नाही. जिभेत कुणीतरी सुयांचं अख्खं पाकीट उपडं केलं होतं.

रिक्षात सासरे-जावई ओले रुमाल तोंडाला लावून शेजारी शेजारी बसलो. आता आपण काही वाचत नाही, अशी माझी खात्रीच झाली. पोरांचं कसं होणार या विचाराने डोळे भरून आले. आबांनी माझा हात घट्ट धरला होता. मला माफ केलं होतं की सोबत न्यायचं ठरवलं होतं, ते कळेना.

दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाईंनी दोघांच्या जिभा पाहिल्या. या वेलाच्या रसाने तोंड सुजतं, थंड दूध घोट घोट घ्या, इंजेक्शन देते, संध्याकाळी घरी जा, असं त्यांनी सांगितलं. कुणी मरणार नव्हतं. रेखाने ओढणीने डोळे पुसले.

मग डॉक्टरीणबाई तिला म्हणाल्या, "आजोबांचं समजलं. त्यांनी विड्याचं पान समजून खाल्लं. या साहेबांनी काय समजून खाल्लं?"

रेखाने माझ्याकडे पाहिलं.

"त्यांनी मनीप्लांट समजूनच खाल्लं."