दहा हिश्श्यांची होडी

आमच्या शेजारच्या रामहरीचं नाक दोनदा मोडलेलं आहे. पहिल्यांदा परक्या बंदरात एका धिप्पाड खलाशानं मोडलं, दुसऱ्यांदा सख्ख्या भावानं. पहिल्या वेळी जहाजावरच्या डॉक्टरनं ते सरळ बसवलं. दुसऱ्या वेळी बारामतीचा डॉक्टर बसवायला गेला, तर रामहरी त्यालाच मारायला उठला, म्हणून तसंच राहिलं. आता तो बोलतो आपल्याशी आणि नाक दाखवतं शेजारच्या केळीच्या बागेकडं.

जन्मभर त्यानं जहाजांवर दोर ओढले. दुखणं एकच. मालक एका देशाचा, कप्तान दुसऱ्या देशाचा आणि वर फडकणारा झेंडा तिसऱ्याच कुठल्या तरी मुलखाचा. नोकरी संपवून भिगवणजवळ, उजनीच्या पाण्याकाठी शेतावर आला तेव्हा मला म्हणाला, "तात्या, एकदा तरी मस्कतला आपल्या होडीतनं, आपला झेंडा लावून, मालक म्हणून उतरायचं हाय. मग मेलो तरी चालंल."

मारायचं काम त्याच्या भावानं, दादासोनं, मनावर घेतलं.

उसाच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये रामहरी सागवानी होडी बांधायला लागला. बांधताना कोणी आत डोकावलं की हातातली हातोडी भिरकावायचा. माझ्या कानाजवळून दोनदा गेली. तरी मी डोकावायचं सोडलं नाही. होडी खरंच देखणी होत होती. राहिले ते कागद.

होडीला कागद तीन तऱ्हेचे असतात हे आम्हाला तेव्हा कळलं. धरणात फिरवायची तर एक. मासेमारीला न्यायची तर दुसरा, त्यात डिझेलला सवलत. आणि परदेशी जायचं, आपला झेंडा लावायचा, तर तिसरा. ती समुद्री जहाजाची पक्की नोंदणी. मोजणी, तपासणी, मालकीचे पुरावे, सगळा कुटाणा. बारामतीत ट्रॅक्टरची पासिंगं करून देणाऱ्या अविराजवर हे काम सोपवलं, आणि त्यानं स्वतःचं डोकं चालवून मासेमारीचा अर्ज भरून आणला.

"आबा, सवलत हाय की! मस्कतला कोण इचारतंय?"

"अडवलं आन् मासं कुठं हायत म्हणलं, तर काय दावू? तुजं मुंडकं?"

असं म्हणून रामहरीनं त्याची मानगूट धरली आणि पाण्याच्या हौदात घातली. बुडबुडे यायला लागले. रामहरीची बायको सिंधुबाई भाकरीचं पीठ लागलेल्या हातांनी धावत आली. "अवो, सोडा त्याला! दुसरा अर्ज कोण भरंल?" तेवढ्यावर अविराज वाचला. पुढं तो यायचा, पण दुचाकी चालू ठेवूनच बोलायचा.

त्यात दादासो शिरला. हा धाकटा, अंगानं मात्र थोरल्याच्या दुप्पट. त्याला होडी धरणातच हवी होती. थंडीत रोहित पक्षी बघायला शहरातली माणसं भिगवणला येतात, त्यांना फिरवायचा धंदा काढायचा होता.

"दादा, परदेशची पाखरं हितं येत्यात, आन् तू कशाला परदेशी उडतोस? धरणाचा कागद काढ. जागा दोगांची, सागाची झाडं दोगांच्या बांधावरची, मंग होडी तुज्या एकट्याची कशी?"

"तुजा बांध वर्साला हातभर माज्या शेतात येतो, तवा न्हाय इचारलंस!"

बोलणं तिथंच संपलं. दादासोनं उसाच्या कोयत्याची मागची बाजू रामहरीच्या तोंडावर हाणली. हेच ते दुसरं नाक. रामहरीनं लाकडी ठोकळा उचलून दादासोच्या गुडघ्यावर घातला, तो आडवा झाला. मग दोघे भुशात लोळत एकमेकांच्या डोळ्यांत बोटं घालत होते. तेवढ्यात म्हातारी दगडाबाई, दोघांची आई, चुलीतलं तापलेलं उलथणं घेऊन आली आणि दोन्ही लेकरांच्या पाठीवर समान वाटणीनं टेकवलं.

"दोगांची नावं लावा! बापाच्या सातबाऱ्याला लागली न्हाईत व्हय?"

अविराज दुचाकीवरूनच म्हणाला, "लावता येत्यात. पक्क्या नोंदणीत जहाजाचं दहा हिस्सं धरत्यात. पाच-पाच लिहू."

कागद परदेशाचाच निघणार म्हणून रामहरीनं, नाकात कापसाचे बोळे घालून, होकार दिला. तिथंच चूक झाली. हिस्सा म्हटलं की आमच्याकडं माणसाला डोळ्यांपुढं बांध दिसतो. हा हिस्सा कागदावरच राहणारा आहे, त्याला दगड रोवता येत नाही, हे दादासोला कोणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी त्यानं सांगणाऱ्याचे दात पाडले असते.

नोंदणी झाली, आणि होडी कोकणात न्यायला ट्रेलर आला. त्या सकाळी दादासो सुतळी, चुन्याची फक्की आणि झाडं कापायची मशीनची करवत घेऊन हजर. सुतळीनं होडी मोजली, मधोमध पांढरी रेघ मारली.

"पुढचं पाच माजं. मागलं पाच घिऊन जा कुठं जायाचं तितं!"

आणि करवत लावली.

तो आवाज अजून माझ्या दाढांत आहे. रामहरी लोखंडी दांडा घेऊन धावला. पहिल्या फटक्यात दादासोचे पुढचे दोन दात गेले. दादासोनं करवत टाकली आणि रामहरीचा डावा हात पिरगाळला. काडकन वाजला. रामहरीनं त्याच्या दंडाचा लचका तोडला. दोघांच्या रक्तानं होडीची कड लाल झाली. ट्रेलरवाला पळून उसात बसला; तिथं मी आधीच होतो.

मग रामहरीच्या चांगल्या हातात करवत आली. दादासो उताणा पडलेला, आणि करवत त्याच्या गळ्यापासून वितीवर घरघरत होती.  रामहरीच्या डोळ्यांत भाऊ नव्हताच कुठं.

सिंधुबाई मध्ये उभी राहिली. "ह्यास्नी कापलंत तर येरवड्याला जाल. मस्कत न्हाय मिळायचं. कापायचंच हाय तर होडी कापा."

रामहरी वळला. अर्धवट चिरलेल्या होडीवर करवत ठेवली आणि ढसाढसा रडत, शिव्या देत, ती पार खालपर्यंत कापली. "घे तुजं पाच!"

दादासोचा पुढचा तुकडा सध्या हायवेला उभा आहे. त्यात तो उसाचा रस विकतो. रामहरीनं मागचा तुकडा कोकणात नेला, त्याला नवं तोंड जोडून घेतलं. होडी बदलली, म्हणून नोंदणी पहिल्यापासून. मुंबईच्या कार्यालयात साहेबानं मालकाचं नाव विचारलं. रामहरी तोंड उघडणार, तर सिंधुबाई म्हणाली, "धाच्या धा हिस्सं माज्या नावावर."

"याड लागलं का तुला?"

"तुमच्या नावावर ऱ्हायली तर भावजी पुन्ना करवत घिऊन येत्याल. माज्या नावाला हात लावून बघू द्या."

रामहरीनं हात उगारला, नेमका प्लास्टरचा. सिंधुबाईनं तो हवेतच धरून असा दाबला, की त्याची किंकाळी ऐकून शिपायानं चहाचा ट्रे सोडला. ती त्याच्या कानाशी म्हणाली, "मालक व्हायाचं का मस्कतला जायाचं, येकच सांगा."

रामहरीनं हात सोडवून घेतला. मग साहेबाला म्हणाला, "लिवा. सिंधुबाई."

"आणि तुम्ही?"

"खलाशी."

यंदाच्या थंडीत ते पोचले. मस्कतहून फोटो आला. तिरंग्याखाली सिंधुबाई कमरेवर हात ठेवून उभी, मागं रामहरी दोर ओढतोय. मी तो मुद्दाम रसाच्या होडीवर जाऊन दादासोला दाखवला. त्यानं नीट पाहिला, मोठा करून पाहिला, आणि मोबाइल गरागरा फिरवून उसात भिरकावला. माझा मोबाइल. दोन दिवस झाले, मी पाचट उपसतोय.