मागच्या टाकीचा पंप

मी थापाड्या आहे, हे आधीच कबूल करतो. माझ्या कुठल्याही गोष्टीतून सत्तर टक्के वजा करून ऐका, अशी सूचना मानसी – म्हणजे बायको – नव्या पाहुण्यांना चहाबरोबरच देते. भुताखेतांच्या गोष्टी तर मी स्वतः रचून पोरांना घाबरवलंय, त्यामुळे विश्वासाचा वगैरे प्रश्नच नव्हता. ही गोष्ट मात्र मानसीनेच लिहायला लावली, कारण त्या दिवशी ती माझ्या शेजारी बसली होती.

योकोहामाच्या दक्षिण टोकाला, टेकडीवरच्या गल्लीत आमचं घर. शेजारी मोरिता आज्जी. त्यांच्या दारात त्यांच्या नवऱ्याची जुनी अमेरिकन पिकअप उभी... एवढं धूड, की ते वळलं की गल्ली वाकायची. डावीकडे स्टिअरिंग, समोर तिघांची सलग सीट, आणि पेट्रोलच्या टाक्या दोन – पुढची, मागची. डॅशबोर्डवरच्या खटक्याने टाकी बदलायची. नवरा, म्हणजे मोरिता-सान, आयुष्यभर रेल्वेत ड्रायव्हर. रिटायर झाल्यावरही रेल्वेतल्या सवयीने गाडी काढताना पांढरे हातमोजे घालून त्या खटक्याकडे बोट रोखायचे आणि खणखणीत म्हणायचे, “उशिरो, योशी.” मागची टाकी, ठीक आहे. मी बाल्कनीतून त्यांची नक्कल करून मानसीला हसवायचो.

ते गेले. वर्षभर गाडी जागची हलली नाही. वर्षश्राद्धाला त्याच गाडीतून मिउराला, समुद्राजवळच्या त्यांच्या थडग्यापाशी जायचं, एवढीच आज्जींची इच्छा होती. पण गाडीच्या शाकेनची, म्हणजे सरकारी तपासणीची, मुदत नेमकी त्याच दिवशी, शनिवारी, संपत होती. सोमवारी भंगारवाला येणार. म्हणजे संधी एकच.

मी छाती ठोकून म्हणालो, माझ्यावर सोडा. सांगलीत वडिलांचं पंपदुरुस्तीचं दुकान. कृष्णाकाठच्या निम्म्या मोटारी आमच्या अंगणात शेवटचा श्वास घ्यायला यायच्या!

किल्ली फिरवली की टाकीतला पंप दोन सेकंद गुणगुणायला हवा. इथे पुढे शांतता, मागे शांतता. फ्यूज पाहिला – ठीक. धक्का बसल्यावर पेट्रोल तोडणारं बटण – ठीक. रिले टिकटिकत होता. गाडीखाली झोपून दोन्ही पंपांच्या प्लगला दिवा लावून पाहिला... दिवा पेटला. म्हणजे वीज येत होती, पंपच मेले होते. पुढची टाकी पूर्ण रिकामी करून रबरी हातोड्याने ठोकली. ढिम्म. मागच्या टाकीत मी नुकतंच ताजं पेट्रोल भरलं होतं, ती ठोकणं धोक्याचं, म्हणून तिचा प्लग काढून पंपाला थेट दुसऱ्या बॅटरीची वीज दिली. तोही ढिम्म. प्लगच्या तोंडाला पिवळी टेप गुंडाळली आणि तसाच लोंबता सोडला. नवा पंप अमेरिकेतून यायला तीन आठवडे.

शनिवारी सकाळी दहाला सांगायला गेलो, तर आज्जी काळा किमोनो घालून, फुलं मांडीवर घेऊन गाडीत बसलेल्या. हातात नवऱ्याचे पांढरे हातमोजे. मानसी मध्ये बसलेली – तिने त्यांना एकटं बसू दिलं नव्हतं. मी ड्रायव्हर सीटवर बसून मान खाली घालून सांगितलं की जमलं नाही, मला माफ करा.

आज्जींनी मांडीवरची फुलं सारखी केली. मग म्हणाल्या, “पातिरु-सान, तुम्ही बोट दाखवलं नाहीत.”

पाटीलचं त्यांच्या तोंडी पातिरु होतं. मी काही बोलणार, तेवढ्यात त्यांनी मोजा चढवला, मानसीच्या पुढून हात लांबवला आणि खटक्याकडे बोट रोखलं. “उशिरो, योशी.”

आज्जींना वाईट वाटू नये म्हणून मी किल्ली फिरवली.

मागून गुणगुण आली. दोन सेकंद. मानसीने माझा दंड धरला... नखं उमटली होती.

गाडी सुरू झाली. मिउराला गेली, आली. आज्जींनी फुलं वाहिली, नवऱ्याला गाडीचं सगळं ऐकवलं. घरी आलो तेव्हा मागच्या टाकीचा काटा पावपेक्षा जास्त उतरला होता. मग प्लग आठवला. गाडीखाली शिरलो. प्लग लोंबत होता. पिवळी टेप जशीच्या तशी, माझ्याच बोटांचे काळे ठसे तिच्यावर.

प्लग जोडला. बोट रोखलं, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं “योशी” म्हणालो. काही नाही. आज्जींना विचारलं, तुम्हाला कसं ठाऊक? “ठाऊक नव्हतं,” त्या म्हणाल्या, “पण ते शब्द म्हटल्याशिवाय माझा नवरा कधी निघालाच नाही.”

सोमवारी भंगारवाल्याने साखळीने पिकअप ट्रकवर ओढली. बॅटरी आधीच काढून घ्या म्हणाला, म्हणून ती काढून मी हातात धरून उभा. ट्रक निघणार, तेवढ्यात आज्जींनी मोजा घातला आणि रस्त्याकडे बोट केलं. “शुप्पात्सु, शिंको,” – गाडी सोडताना ड्रायव्हर म्हणतात ते.

आणि त्या धुडाच्या मागच्या बाजूने... दोन सेकंद.

भंगारवाल्यानेही वळून पाहिलं. मग माझ्या हातातल्या बॅटरीकडे. मग ट्रकमध्ये चढून निघून गेला.

वायरिंगचा नकाशा मी आजवर शंभरदा – बरं, दहादा – उलगडलाय. वीज यायला कुठूनही वाट नाही. हे सगळं मानसीला वाचून दाखवलं, किती टक्के वजा करू विचारलं. ती म्हणाली, नखांचं कमी करून लिहिलंयस.