खाप्याच्या वाळूवरची कॉफी

भाऊजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी अमरावतीच्या कचेरीत जेवणाचा डबा उघडून बसलो होतो. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी रिसीव्हर पुढे केला. पलीकडे माझी भाची होती, चिमी. "मामा, बाबा गेले," एवढंच बोलली आणि तिचा आवाज फुटला. मी डब्याला झाकण लावलं, साहेबांना सांगितलं आणि स्टँडवर जाऊन नागपूरची एस.टी. धरली. खिडकीशी बसल्यावर मनात जे पहिलं आलं ते सांगायची लाज वाटते, पण सांगतो, कारण ते सोडून हा लेख लिहिण्यात काही राम नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. आता ती गोष्ट कोणी सांगणार नाही, असं वाटलं. आणि पाठोपाठ त्या सुटल्यासारखं वाटण्याचीच अशी भीती बसली की तळेगाव येईपर्यंत समोरच्या सीटचा दांडा माझ्या हातून सुटला नाही. आज त्याला पावणेदोन महिने झाले.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. आम्ही काटोलचे, संत्र्याच्या बागेतले. कॉलेज शिकायला म्हणून मी त्यांच्या नागपुरातल्या सक्करदऱ्याच्या घरी राहिलो. बाबांनी पाठवताना एकच गोष्ट बजावली होती. "कुसुमची एक जरी तक्रार आली, तर पुस्तकं बांधाची अन् बागेत याचं." बाबा बोलले की बोलले. त्यामुळे त्या घरातली माझी चार वर्षं ताईच्या कपाळावरची आठी मोजण्यात गेली. भाऊजींची मात्र भीती कधी वाटली नाही. हा माणूस कोणावर ओरडला तर त्याचं त्यालाच पडसं होईल, असं मी कॉलेजात सांगत असे.

नोकरीच्या निमित्तानं ते दोन वर्षं मद्रासला राहून आले होते आणि येताना एक पितळी फिल्टर आणि कॉफीचं वेड घेऊन आले होते. चहावर वाढलेल्या आमच्या नागपुरात हा प्रकार म्हणजे कौतुकाचा आणि चेष्टेचा. बिया जाड तव्यावर ते स्वतः भाजायचे, हातयंत्रावर स्वतः दळायचे. वरच्या भांड्यात भुकटी, तिच्यावर नुकतं उकळलेलं पाणी, आणि मग खालच्या भांड्यात अर्क उतरेपर्यंत कोणी भांड्याला हात लावायचा नाही. मी झाकण उचलून बघायला गेलो की म्हणायचे, "घाई नको करू गा. घाई करनाऱ्याले काळं पानी भेटते, कॉफी नाही भेटत."

त्यात एक दिवस ते लिलावातून गाडी घेऊन आले. कुठल्याशा बंद पडलेल्या खाणीच्या दवाखान्याची जुनी ॲम्ब्युलन्स. मागचा दोन झडपांचा दरवाजा, आत स्ट्रेचर ठेवायची लोखंडी चौकट आणि रंग उडालेला लाल क्रॉस. मोहल्ल्यात एका दिवसात तिचं नाव 'मुर्दागाडी' पडलं. ताईनं तर दारातच पदर तोंडाला लावला. "काहून आनली हे? किती जीव गेले असतीन हिच्यात!" भाऊजी हसत होते. महिनाभर खपून त्यांनी तिला पोपटी रंग दिला, चौकटीवर फळ्या ठोकून झोपायची जागा केली, पाण्याच्या पिंपाला तोटी बसवली, स्टोव्हसाठी फळी आणि फळीपलीकडे पडदा. थंडीच्या दिवसांत शनिवारी निघायचं, नदीकाठी मुक्काम करायचा आणि सकाळी उघड्यावर कॉफी प्यायची, एवढाच त्यांचा बेत. मला त्या गाडीत झोप लागायची नाही. लोखंड थंडीनं कुरकुरलं तरी छातीत धस्स व्हायचं. पण तसं बोलून दाखवायची सोय नव्हती, विसाव्या वर्षी भुताला भितो म्हटलं तर अब्रू काय राहिली?

एका गोष्टीला मात्र भाऊजीही भ्यायचे, आगीला. गाडीत दोन डबे असत, सारख्याच मापाचे, सारखेच मळके. एकात वाटेत लागलं तर असावं म्हणून पेट्रोल, दुसऱ्यात स्टोव्हचं घासलेट. पेट्रोलच्या डब्याला त्यांनी लाल चिंधी बांधून ठेवली होती. निघताना हात लावून पाहायचे, मगच चावी फिरवायचे. स्टोव्ह भरायचं काम माझं होतं.

आणीबाणी उठून वर्ष होत आलं होतं तेव्हाची गोष्ट. आम्ही खाप्याला निघालो होतो, कन्हानच्या काठी. वाटेत एक बाभूळ लागते. येणारेजाणारे तिला चिंधी बांधतात, वाट सुखाची व्हावी म्हणून. ताईनं गाडी थांबवायला लावली. चिमी, तेव्हा पाच वर्षांची, तिच्या मांडीवर झोपलेली होती, म्हणून ती आतूनच म्हणाली, "बापू, जाय रे, एक चिंधी बांधून ये. या गाडीचा काही भरोसा नाही मले." मी उतरलो. जवळ चिंधी कुठली? रुमाल नवा होता, कॉलेजात न्यायचा. मागचं दार उघडलं, समोर डबा होता, त्याची चिंधी सोडली आणि बाभळीला बांधून हात जोडले. पोचल्यावर दुसरी बांधू, म्हटलं. पोचलो आणि विसरलो... इतकी साधी गोष्ट.

सकाळी नदीवर धुकं होतं आणि वारा अंगाला झोंबत होता. स्टोव्ह बाहेर टिकेना म्हणून भाऊजींनी तो आतल्या फळीवर ठेवला आणि मागची दोन्ही दारं सताड उघडी टाकली. मी स्टोव्ह भरून दिला. वासावरून कळायला हवं होतं, असं कोणी म्हणेल. त्या गाडीच्या लाकडालाही पेट्रोलचा वास होता, आम्हाला तो येईनासाच झाला होता. मी काठावरच्या गवळ्याकडून दूध आणायला गेलो. चिमी आत गोधडीत होती. ताई पाण्यावर भांडी घासत होती.

मी चरवी घेऊन परत आलो तेव्हा भाऊजी काडी ओढत होते. भप्प असा आवाज झाला आणि जाळ छताला लागला. पडदा पेटला. पडद्यापलीकडे चिमी होती. मी दारापासून पाच पावलांवर उभा होतो, हे मला आजही मोजून सांगता येतं, आणि मला एक पाऊल टाकता आलं नाही. चरवीसुद्धा खाली ठेवता आली नाही. भाऊजींनी तो जळता स्टोव्ह दोन्ही हातांत उचलला, उडी मारली आणि वाळूत फेकला. पुन्हा आत शिरले, पोरीला गोधडीसकट उचलून आणलं, माझ्या पायाशी ठेवलं आणि पडद्यावर वाळू टाकत सुटले. चिमीच्या केसालाही धक्का लागला नव्हता. ती झोपेतून उठून नुसती रडत होती. भाऊजींच्या हातांची कातडी मनगटापर्यंत सोलून आली होती.

ताई धावत आली. भाऊजी दोन्ही डब्यांकडे पाहत होते. एकालाही चिंधी नव्हती. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, झालं. पुस्तकं बांधली. त्या क्षणी, सांगायला जीभ रेटत नाही, पण त्या क्षणी मला त्यांच्या हातांची नाही, माझ्या कॉलेजची काळजी होती.

"कसं झालं वं माय हे?" ताई किंचाळली.

"माह्या हातून पेट्रोल भरल्या गेलं," भाऊजी म्हणाले. "चिंधी कुठं पडली, पाह्यलंच नाही मी."

मी चरवी खाली ठेवली आणि चिमीला उचलून घेतलं.

महिन्याभरात गाडी भंगारात गेली. फिल्टर माळ्यावर गेला. ताई करील तो चहा भाऊजी पिऊ लागले. हात बरे झाले, पण बोटं पूर्वीसारखी मिटली नाहीत. मी पास झालो, नोकरीला लागलो, आणि भीती माझ्याबरोबर अमरावतीला आली. दिवाळीत पंगतीला कोणी नुसतं 'खापा' म्हटलं तरी माझा घास अडकायचा. ताई दरवेळी चारचौघांत भाऊजींकडे बोट दाखवून ऐकवायची, "यायच्या भरोशावर असती तर माही पोरगी गेली असती." भाऊजी हसून वाटीत भात कालवत राहायचे. एकदा तरी बोलतील, आज बोलतील, असं वाटून मी ताटातून डोकं वर काढत नसे. ते बोलले नाहीत. मीही नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, माझ्या मनात आठ वर्षं पौर्णिमा होती.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही दोघंच ओसरीवर बसलो असताना मी धीर केला. म्हटलं, "भाऊजी, ताईले सांगू का आता?" त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "काय करतं सांगून? मले चहाची सवय झाली गा." मला इतकं हायसं वाटलं की मी विषय तिथंच सोडला. ती आमची शेवटची भेट.

तेराव्याला सांगायचं ठरवलं होतं, नाही जमलं. पुढच्या रविवारी गेलो, संत्री देऊन परत आलो. शेवटी नऊ दिवसांपूर्वी गेलो. ताई स्वयंपाकघरात मेथी निवडत बसली होती. मी समोर बसलो आणि बाभळीपासून सगळं सांगितलं. मध्ये थांबलो नाही, थांबलो असतो तर उठून पळालो असतो.

तिचे हात मेथीवर थांबले. "स्टोव्ह तू भरला होता?"

"हो."

"अन् त्याईले मालूम होतं?"

"पहिल्यापासून."

ती रडेल, मला मारेल, काहीतरी करेल म्हणून मी वाट पाहत होतो. ती वर पाहत होती. गॅसपासून चार हात लांब, उंच फळीवर, पिठाच्या डब्यामागे माचीस ठेवलेली होती. घेताना तिला स्वतःला स्टूल लागतं.

"आठ वर्ष मी त्याईच्या हाती माचीस देल्ली नाही," ताई म्हणाली. "देवापाशी उदबत्तीसुदिक मीच पेटवून देत होती. ते हात पुढं करून उभे राहत."

मग तिनं पुन्हा मेथी निवडायला घेतली. चिमीची शाळा सुटायची वेळ झाली होती. मी उठलो, चपला घातल्या आणि दारातून म्हटलं, "येतो, ताई." आमच्याकडे जाणाऱ्याला 'ये' म्हटल्याशिवाय कोणी दार लावत नाही. मी पायरीवर थांबलो होतो. ताईनं दार लावून घेतलं.