मोटार घेऊन आंबेनळी उतरताना

महाडहून वाईला निघालो तेव्हा आम्हाला मोटारसायकल घ्यायची होती. मोटारीचा विचार दोघांच्याही मनात नव्हता.

डॉक्टरांचा, म्हणजे माझ्या यजमानांचा, दवाखाना महाडच्या बाजारपेठेत होता. पण त्यांचे निम्मे रोगी गावाबाहेरचे. नाते, बिरवाडी, वीर, पोलादपूरच्या पलीकडचे कोंड (डोंगरातल्या वाड्या), जिथून बोलावणं येईल तिथं ते सायकलवर जात आणि सायकलची वाट संपली की पायी. त्या पावसाळ्यात ते दोनदा सायकलवरून पडले. एकदा कपाळाला चांगली खोक पडली. 'खड्डा होता,' म्हणाले. मीही रस्त्यालाच बोल लावला आणि हळद भरली.

म्हणून मोटारसायकल. माझं माहेर वाईचं. तिथले एक वकील गाव सोडून मुलीकडे राहायला चालले होते आणि त्यांच्याकडची गाडी विकायची होती, असं माझ्या थोरल्या भावानं कळवलं होतं. दिवाळी होऊन गेली होती. सकाळच्या एस.टी.नं आम्ही निघालो. पोलादपूरपर्यंत दोन्ही बाजूंना कापलेल्या भाताचे मळे, खळ्यांवर झोडणी चाललेली, हवेत तुसाचा वास. पोलादपूरनंतर गाडी डावीकडे वळते आणि आंबेनळी घाट सुरू होतो. अर्ध्या घाटात मी त्यांना म्हटलं, "अहो, प्रतापगड बघा किती स्वच्छ दिसतोय."

"कुठं?"

"हा काय, शेजारीच."

त्यांनी मान पूर्ण वळवली, थोडा वेळ शोधलं आणि "हं" म्हणाले. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. घाटात त्यांना मळमळत असेल, एवढंच वाटलं.

वकिलांच्या वाड्यामागं पत्र्याची शेड होती. तिच्यात दोन गाड्या होत्या. एक लष्करी हिरव्या रंगाची दणकट मोटारसायकल आणि तिच्यामागं, गोणपाट टाकून झाकलेली, काळी लहानशी मोटार. मोटारीकडे आम्ही पाहिलंही नाही. डॉक्टर शिकायला पुण्याला असताना मित्राची मोटारसायकल चालवत, त्यामुळे त्यांना ती नवी नव्हती. त्यांनी गाडी नदीकाठच्या मोकळ्या मैदानात नेली, एकाच लाथेत चालू केली आणि फेरी मारली. तिचा आवाज ऐकून ते किती तरी दिवसांनी मनापासून हसले. मी आणि दादा बाजूला उभे होतो.

दुसऱ्या फेरीला उजव्या अंगानं एक म्हातारी डोक्यावर गवताचा भारा घेऊन मैदान ओलांडत होती. भर उजेड होता. माणूस लांबून दिसावं असं सपाट मैदान. डॉक्टर सरळ तिच्याच रोखानं जात होते आणि वेग कमी होत नव्हता. दादा ओरडला. गाडीचं हँडल भाऱ्याला लागलं, म्हातारी भाऱ्यासकट आडवी झाली आणि पुढं जाऊन गाडीही पडली.

म्हातारीचं नशीब, कोपर सोलण्यावर निभावलं. डॉक्टरांनी तिथंच बसून तिची जखम धुतली, पट्टी बांधली, पुन्हा पुन्हा तिची माफी मागितली. "जाऊ द्या हो, भाऱ्यामुळं मलाच काय दिसंना," म्हातारी म्हणाली. ती गेल्यावरही ते तिथंच मातीत बसून राहिले. मी जवळ गेले.

"इंदू, मला ती दिसलीच नाही," ते म्हणाले.

"भारा मोठा होता..."

"भाऱ्याचं नाही. बाजूचं मला दिसत नाही. समोरचं दिसतं, कडेचं गेलंय. अंधार पडला की तेही जातं. डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे. हळूहळू मिटत येणार."

"कधीपासून?"

"वर्ष होऊन गेलं."

"आणि कुणाला सांगितलंत?"

"तुला, आत्ता."

नदीवर बायका धुणी धूत होत्या. त्यांच्या धोपटण्याचा आवाज मला अजून आठवतो. मी विचारलं, यावर औषध काय? ते म्हणाले, मी डॉक्टर आहे, असतं तर घेतलं नसतं का? मग म्हणाले, "छाती तपासायला, सुई टोचायला एवढी नजर अजून पुष्कळ वर्षं पुरेल. पण गावाला कळलं तर आंधळ्या डॉक्टरकडे कोण येईल? आणि रोग्यापर्यंत पोचताच आलं नाही तर नजर असून तरी काय करायची?"

आम्ही गाडी परत शेडमध्ये आणली. व्यवहार फिसकटला हे वकिलांनी ओळखलं. ते कुलूप शोधत होते, तेवढ्यात मी मोटारीवरचं गोणपाट उचललं. का उचललं ते मला नीट सांगता येणार नाही. आत चालवणाऱ्याच्या जागी जाऊन बसले. चाक हातात घेतलं, ते थंडगार होतं.

"ही शिकायला किती दिवस लागतात?" मी विचारलं.

"कुणाला?" वकील म्हणाले.

"मला."

दादा हसला, मग डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे पाहून गप्प झाला. घरी आल्यावर मात्र म्हणाला, "घाटात मोटार नेणार तू? तुला साधी सायकल येत नाही."

"सायकल मला शिकवली कुणी?" मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच मला उठवायला आला.

मोटारीचा सौदा करून डॉक्टर दवाखान्यासाठी महाडला परतले. मी वाईत राहिले. दादाचा स्वतःचा मालट्रक होता, त्यामुळे शिकवणारा घरचाच. पण त्याची जीभ रस्त्यावरची. "क्लच सोड म्हटलं, फेक नाही म्हटलं!" पहिले काही दिवस मोटार बेडकासारखी उड्या मारत बंद पडायची. बंद पडली की पुढं जाऊन इंजिन चालू करायला लोखंडी हँडल मारायचं. ते उलटं फिरून मनगटाला असं लागलं की रात्री आईनं तेल चोळलं. आई या सगळ्याबद्दल एक अक्षर बोलली नव्हती. चोळता चोळता म्हणाली, "पदर खोचून बसत जा. दांड्यात अडकेल." तेवढीच तिची परवानगी.

चपला पायातून निसटत, म्हणून अनवाणी चालवू लागले. चाक वळवायला सबंध अंग लागे. हळदीच्या एका शेताच्या बांधावर मोटार चढवली आणि एक दिवा फोडला. पुढं जाणं हळूहळू जमलं, पसरणीचा घाटही दादाला शेजारी बसवून चढले-उतरले. पण मागं घेणं काही केल्या जमेना. मागं जाताना चाक कोणत्या बाजूला फिरवायचं याचा दर वेळी गोंधळ होई. "मागं बघ, हाताकडे बघू नकोस," दादा सांगून थकला. साताऱ्याला परीक्षा झाली, परवाना मिळाला, तेव्हा मला मनातून ठाऊक होतं की मला अर्धीच मोटार येते.

डॉक्टर मला न्यायला आले, या वेळी हातात काठी घेऊन. खरं तर मीच त्यांना नेणार होते. मार्गशीर्षातली थंडी होती. दादाला माल पोचवायचा असल्यानं तो महाबळेश्वरपर्यंतच आला. तिथं पाणी भरून घेतलं, आईनं दिलेल्या दशम्या आणि लसणाची चटणी खाल्ली. निघताना दादानं डॉक्टरांना नमस्कार केला आणि मला एवढंच म्हणाला, "दुसऱ्या गिअरमध्ये उतर. घाई कुणाला नाही." एस.टी.च्या थांब्याकडे जाताना त्यानं वळून पाहिलं नाही.

आंबेनळी मी लहानपणापासून किती तरी वेळा पाहिला होता, पण चालवणाऱ्याच्या जागेवरून तो निराळाच घाट होता. देखावा नव्हताच; फक्त रस्ता, पुढचं वळण, आणि वळणापलीकडचं न दिसणारं. डावीकडे दरी, उजवीकडे कातळ आणि कारवीची झुडपं. कठडा कुठं होता, कुठं पावसानं नेला होता. डॉक्टर डाव्या बाजूला शांत बसले होते. ते समोर पाहत आणि वळण आलं की हॉर्न द्यायची आठवण करत.

अर्धा घाट उतरल्यावर एका अवघड वळणाखाली खालून एस.टी. आली. मी ब्रेक दाबला, तिनंही दाबला. आमची तोंडं समोरासमोर आली. रस्ता एका गाडीपुरता. चढणाऱ्या गाडीला वाट द्यायची हा घाटाचा कायदा. तेव्हा मागं जायचं ते मला. मागं म्हणजे चढावर, वळणापर्यंत, जिथं रस्ता जरा रुंद होता. आणि मधल्या टप्प्यात कठडा नव्हता.

एस.टी.च्या खिडक्यांतून डोकी बाहेर आली. "बाई हाय रे गाडीवर!" कुणी तरी ओरडलं. कंडक्टर उतरून आला आणि "या, या, या" करत हात हलवू लागला. दोन उतारू त्याच्या मदतीला आले. एक म्हणे डावीकडं, दुसरा म्हणे, "नाय नाय, उजवीकडं मार!" मी क्लच सोडला, इंजिन बंद पडलं आणि मोटार हातभर खाली एस.टी.कडे घसरली. मी हँडब्रेक ओढला.

एस.टी.चा ड्रायव्हर खिडकीशी आला. पोक्त माणूस होता, आवाज चढवला नाही. "उतरा बाई. मी काढतो मागं."

मला खरंच उतरायचं होतं. माझा हात दाराच्या कडीवर होता. मी डॉक्टरांकडे पाहिलं. ते ड्रायव्हरला म्हणाले, "तुमचे उपकार आहेत. पण हे उद्याही होईल, आणि उद्या तुम्ही नसाल." मग माझ्याकडे वळले. "घेशील?"

"मला डावी कड दिसत नाही," मी म्हटलं.

"मी उभा राहतो. मी आहे तिथवर रस्ता आहे."

"तुम्हाला कड दिसते का?"

हे मी अगदी हळू विचारलं. त्यांनीही तसंच उत्तर दिलं. "पायाला कळते."

ते उतरले. काठीनं जमीन चाचपत मागं गेले आणि दरीकडे पाठ करून, तोंड माझ्याकडे करून उभे राहिले. पांढरा सदरा, पांढरं धोतर. त्यांच्या टाचांमागं काय होतं ते मला दिसत नव्हतं आणि त्यांनाही दिसत नव्हतं. कंडक्टर काही बोलणार होता, पण ड्रायव्हरनं त्याला हातानं थांबवलं.

ड्रायव्हरनंच पुढून हँडल मारून इंजिन चालू करून दिलं. मागच्या काचेतून फक्त त्यांच्याकडे पाहिलं. माझ्याकडून चाक चुकीच्या बाजूला फिरलं असतं तर पहिले ते गेले असते. मोटार थोडी मागं सरकली, थांबली, पुन्हा सरकली. मी जवळ आले तशी त्यांनी कडेकडेनं पावलं वर नेली, वळणाच्या दिशेनं, एकेक, पायानं जमीन तपासत. कुठंही त्यांनी हात केला नाही, ओरडले नाहीत. एकदा त्यांच्या पायाखालून दगड सुटला. तो खाली गडगडत गेलेला आम्ही सगळ्यांनी ऐकला. ते हलले नाहीत. मीही थांबले नाही. थांबले असते तर परत निघाले नसते.

वळणावर मोटार कातळाला टेकली तेव्हा मला कळलं की झालं. एस.टी. घरघरत शेजारून वर गेली. ड्रायव्हरनं जाताना कपाळाला हात लावला. डॉक्टर येऊन बसले, काठी पायाशी ठेवली. त्यांचा सदरा घामानं पाठीला चिकटला होता. "चल," म्हणाले. मी चाकावर डोकं टेकवून पोटभर रडले आणि मग निघाले.

घाटाच्या पायथ्याशी एका झोपडीत चहा मिळे. तिथल्या म्हातारीनं मोटारीभोवती एक फेरी मारली. "काय गो बाय, तूच आणलीस ही वरनं?"

"मीच."

"आनि घो बसला व्हता?"

"ते होते म्हणून आले," मी म्हटलं.

तिनं चहाबरोबर नाचणीची भाकरी आणि कुळथाची पिठी आणून ठेवली, आम्ही मागितली नव्हती तरी. इतकी गोड भाकरी मी त्यानंतर खाल्ली नाही.

पोलादपूरपासून पुढं मुंबई-गोवा रस्ता सपाट आणि मोकळा. सावित्री नदी डाव्या-उजव्या हाताला दिसत-लपत होती. उन्हं उतरली तशी डॉक्टरांची बडबड कमी होत गेली. मला आता त्याचं कारण ठाऊक होतं. महाडात शिरलो तेव्हा दिवेलागण झाली होती. हॉर्न ऐकून आळीतली माणसं ओट्यांवर आली. शेजारचे काका, पेठेतले दुकानदार, दवाखान्यात थांबलेले चार रोगी आणि नाते गावाहून आलेला एक शेतकरी. "डॉक्टरसाहेब, पोराला ताप हाय, उतरत नाय," तो म्हणाला. "चलता का?"

मी उतरून डॉक्टरांच्या बाजूला गेले. दार उघडून ते बसूनच होते. समोर गटारावरची फळी, मग ओट्याच्या पायऱ्या, आणि त्यांना यातलं काहीच दिसत नव्हतं हे त्या सगळ्या गर्दीत मला एकटीला ठाऊक होतं. एरवी ते अशा वेळी काही तरी निमित्त काढत, खिशात शोधत बसत, माणसं पांगेपर्यंत. त्या दिवशी त्यांनी तसं केलं नाही. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "इंदू, मला अंधारात दिसत नाही. हात दे."

भर आळीत नवऱ्याचा हात धरण्याची तेव्हा रीत नव्हती. मी धरला. आम्ही फळी ओलांडली, पायऱ्या चढलो. त्यांनी बॅग घेतली, औषधं भरली आणि नात्याच्या शेतकऱ्याला विचारलं, "पोराला ताप कधीपासून?"

शेतकऱ्यानं आधी त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटलं, हा आता दुसऱ्या डॉक्टरकडे जातो. पण तो पुढं झाला, डॉक्टरांच्या हातातली बॅग घेतली आणि म्हणाला, "वाटेत सांगतो. बाई, रस्ता मी दाखवतो."

प्रवास म्हणावा तर वाई ते महाड एवढाच. लोक काशी-रामेश्वराची वर्णनं लिहितात. पण घरून मोटारसायकल घ्यायला गेलेली दोन माणसं ही परत आलेली दोन माणसं नव्हती, एवढं मला त्या पायऱ्यांवर उभं असतानाच कळलं होतं. डॉक्टरांनी त्यानंतर पुष्कळ वर्षं रोगी पाहिले. मी आत जाऊन फक्त पाणी प्यायले, आणि इंजिन गार व्हायच्या आत आम्ही तिघं नात्याच्या रस्त्याला लागलो.