टिकल्या पळाला नव्हता

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हालाच का सांगतोय, ते मलाही धड कळत नाही.

परवा माझी लेक सई म्हणाली, "बाबा, कुत्र्याचं पिल्लू आणू ना. आता परतूरला आपलं स्वतःचं घर झालं, मंग अडचण काय?" अडचण? अंगण आहे, वेळ आहे, घरात माया आहे. फक्त सांभाळणारा भरवशाचा हवा — आणि तो मी आहे का?

ती सहा वर्षांची असताना, भोकरदनला, मीच एक पिल्लू उचलून आणलं होतं. कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून टिकल्या. आणताना विचार केला? बिलकुल नाही. हौसेला मोल नसतं म्हणतात. माझ्या हौसेला अक्कलही नव्हती. चार महिन्यांत परतूरला बदली झाली. तिथले घरमालक कुत्र्याला नको म्हणाले. दुसरं घर शोधता आलं असतं — मी शोधलं नाही.

चतुर्थीला त्याला गाडीच्या टाकीवर बसवलं. फिरायला चाललोय असं वाटून तो खूश होता. राजूरला नेलं. गणपतीच्या दारी कुणी उपाशी राहत नाही, अशी मनाची समजूत घातली, नारळाच्या दुकानांमागे त्याला सोडलं आणि दर्शन न घेताच किक मारली. तो मागे धावला. आरशात दिसत होता. घरी सांगितलं — पळाला. घर बदलेपर्यंत सई रोज दारात भाकरी ठेवायची.

वर्षभरानं राजूरला गेलो, तर एका नारळवाल्या मावशींच्या पायाशी टिकल्या! "कुणीतरी सोडून गेल्तं," त्या म्हणाल्या. "दोन दिवस रस्त्याकडंच बघत बसलं. मंग मीच ठिवून घेतलं." तो शेपटी हलवत माझ्याकडे आला. आणि मी? मुकाट नारळ घेतला.

तेव्हापासून एकही चतुर्थी चुकवली नाही. घरचे म्हणतात, केवढी भक्ती! खरं सांगू? देवापुढे हात जोडले की डोळ्यांसमोर त्या मावशी येतात. माझं पाप त्यांनी भाकरी घालून वाढवलं, मोठं केलं. त्यांचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत.

परवा मी पिल्लाचा विषय टाळतोय हे पाहून सईच समजूत घालू लागली, "टिकल्या आपणहून पळाला, बाबा. तुमचा काय दोष?"

येत्या चतुर्थीला तिला राजूरला नेणार आहे. टिकल्या आता म्हातारा झालाय, पण मला अजून ओळखतो. मावशींच्या समोरच सांगेन. पिल्लाचं मग सईनं ठरवावं.