पेशींचा उपास आणि माझा फराळ

टीबीच्या गोळ्या मी अकरा दिवस बंद ठेवल्या आणि त्याऐवजी उपास केले.

एखाद्या अडाण्यानं हे केलं असतं तर गोष्ट वेगळी. मी अकोल्यात कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो. टीबीचा जंतू आपल्याच पेशीत बिऱ्हाड थाटतो. मग पेशी त्याच्याभोवती पडद्याची पिशवी विणते, ती पाचकरसाच्या पिशवीला जोडते आणि पाहुण्याला पचवून टाकते. याला ऑटोफॅजी म्हणतात, आणि पेशीची उपासमार झाली की हे काम जोरात चालतं, हे मी फळ्यावर रंगीत खडूंनी काढत आलो. गोळ्या सुरू झाल्यावर महिनाभरात ताप गेला, खोकला थांबला, पण गोळ्यांची मळमळ जाईना. म्हटलं, पेशी आहेत की!

बायकोला फक्त उपास सांगितला. आमच्याकडे उपास म्हटलं की चूल दुप्पट पेटते. सकाळी तुपातली साबुदाण्याची उसळ, दुपारी भगर आणि दाण्याची आमटी, चारला रताळ्याचा कीस, वर केळी. दहाव्या दिवशी पँटचं बटण लागेना. तरी आत पेशी उपाशीच आहेत, असं माझं ठाम मत.

अकराव्या दिवशी अमरावतीची थोरली बहीण आली. ती डॉक्टर. तिनं आधी गोळ्यांचं पाकीट उघडून पाहिलं.

"काहून बंद केल्या रे?"

मी ऑटोफॅजी सांगितली. चित्र काढायला कागदही ओढला.

"तो जंतू त्या दोन पिशव्या जुळूच देत नाही, हे नाही शिकवत का पोराईले? म्हणून तं गोया देतो आमी. आन् उपासाले खाल्लं काय?"

बायकोनं यादी सांगितली. बहीण हसेल असं वाटलं, ती हसली नाही. "मधात सोडल्यावर उरलेला जंतू गोयाईले जुमानत नसंन, तं मंग?"

थुंकी तपासायला दिली. निकालाला दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत मला घास गिळवेना. खरा उपास तेवढाच घडला.

मग तिचा फोन आला. जंतू सापडले नव्हते. गोळ्या त्याच, बुडालेले दिवस मात्र शेवटी भरून काढायचे.

जीव भांड्यात पडला, तशी जीभ सुटली. "पाह्यलं? पेशींनी काम केलंच!"

"फोन तुया बायकोले दे," ती म्हणाली. फोन स्पीकरवर होता, त्यामुळे पुढचं मीही ऐकलं.

"गोयी तूच याच्या तोंडात टाकत जाय, आन् गिळली का ते तोंड उघडून पाय. याच्या पेशीईले अक्कल हाये, याले नाही."