थोरल्याचं इंजिन

जुनं इंजिन कायमचं बसलं तेव्हा थोरला मिस्त्रीच्या दुकानात येऊन उभा राहिला. नाव त्यालाही होतं, पण दोघे भाऊ मिसरूड फुटायच्या आधीपासून एकाच होडीत, म्हणून लोकांच्या तोंडी थोरला आणि धाकटाच बसलं. थोरल्याने लग्न केलं नाही. धाकट्याने केलं, पोरं झाली, आणि गेल्या वर्षी तो बर्फाच्या कारखान्यात लागला. "थोडे दिवस बघतो, दादा," म्हणाला होता. ते थोडे दिवस काही संपेनात.

मिस्त्रीने दोन इंजिनं पुढे ठेवली. एक दांडगं, एक लहान.

"होडीत माणसं किती?"

"दोन," थोरला बोलून गेला.

"मग मोठं घ्या. दोन माणसं, भरलं जाळं, समोरून प्रवाह, सगळं ओढेल. इंजिन टांगायची मागची फळी जुनी झालीय, तिला आतून दुसरी जोडून देतो." मिस्त्री जरा घुटमळला. "पण एकटे गेलात, तर इंजिन मागे आणि तुम्हीही मागे. नाक आभाळाकडे! होडी आहे, थोरले, घोडा नव्हे. पुढे बसणारा पाहिजेच. शिवाय इंजिन रोज काढून घरी न्यायचं, त्याला दुसरा हात लागणार."

"धाकटा आहे की."

मिस्त्री फडक्याने हात पुसत राहिला. हात केव्हाच स्वच्छ झाले होते. थोरल्याला ते बोचलं. त्याने बाहेर येऊन फोन लावला.

"बोल दादा. जेवलास?"

"जेवण राहू दे. इंजिन घेतोय. तू होडीवर परत येणार का?"

"बघू ना. जरा पोरांचं..."

"बघू नको. मोठं घेतलं आणि तू आला नाहीस, तर मला ते एकट्याला उचलवणार नाही. लहान घेतलं आणि आलास, तर दोघांना ओढताना ते कुथत बसेल. सरळ सांग."

पलीकडे नुसती यंत्रांची घरघर.

"नाही येणार, दादा. वर्षभर सांगायचा धीर होईना."

"बरं केलंस सांगितलंस. पोरांना जप."

आत येऊन त्याने लहान इंजिन एकट्याने खांद्यावर घेतलं. "जमतंय," म्हणाला.

सकाळी देवाचं नाव घेऊन त्याने दोरी ओढली. इंजिन पहिल्या हिसक्याला बोललं. पण एकट्याच्या वजनानेही नाक थोडं उचललंच. तो माघारी वळला, काठावरचे चार दगड उचलून पुढे, धाकट्याच्या जागी ठेवले. होडी समतोल झाली.

"दगड बरे," तो मोठ्याने म्हणाला, "बेसूर गाणी तरी म्हणत नाहीत."

बोलून झाल्यावर उलट उत्तरासाठी तो सवयीने क्षणभर थांबला. मग वेग वाढवला.